सुधारला म्हणजे किती सुधारला?

रायपूर शहराच्या उत्तरेला, बीरगावला लागून, उरल्याचे औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. बिलासपूर रस्त्याने थोडे पुढे गेले की सिलतरा लागते. स्पंज आयर्नचे कारखाने, फेरो अलॉयच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांचा हा पट्टा. काम बहुतेक ठेकेदारामार्फत मिळते, पाळ्या लांब असतात, आणि घराच्या पत्र्यावर व वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी धूळ बसते. छत्तीसगडच्या खेड्यांतून, ओडिशातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली माणसे इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. अशा वस्तीत समाजकार्य करायला उतरलेल्या माणसाला दारूचा प्रश्न टाळता येत नाही. दिल्लीच्या 'एम्स'ने केंद्र सरकारसाठी केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात दारू पिणाऱ्यांचे प्रमाण छत्तीसगडमध्ये देशात सर्वाधिक, म्हणजे ३५.६ टक्के होते. देशाची सरासरी १४.६ टक्के होती. दारूचे अवलंबित्व जडलेल्या अडतीस जणांपैकी एखाद्यालाच कसले तरी उपचार मिळतात, असेही याच सर्वेक्षणात आढळले. म्हणजे उरल्यातल्या एखाद्या खोलीत चाळीस कामगारांचे समुपदेशन चालत असेल, तर ते काम दुर्मीळ आणि मोलाचे आहे. म्हणूनच त्याची फळे मोजली गेली पाहिजेत. जे थोडे मिळते आहे ते निरुपयोगी असेल, तर त्या चाळीस कुटुंबांपाशी दुसरा पर्याय नाही.

आपल्याकडे मोजणी होत नाही असे कोणी म्हणणार नाही. भरपूर होते. किती शिबिरे झाली, किती पथनाट्ये, किती हजेरी, किती पत्रके वाटली, याचे रकाने प्रत्येक संस्थेच्या अहवालात भरलेले असतात. १५ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेल्या नशामुक्त भारत अभियानाची प्रगतीही मुख्यतः किती कोटी लोकांपर्यंत संदेश पोहोचला या आकड्यांत सांगितली जाते. हे आकडे खोटे नसतात. त्यांतून कार्यकर्त्याने किती धावपळ केली हे कळते. पण सेवार्थ्याच्या, म्हणजे ज्याला मदत मिळते त्याच्या, घरात काय बदलले हा निराळा प्रश्न आहे, आणि पहिल्या रकान्यावरून दुसऱ्याचे उत्तर काढता येत नाही. अनुदान देणारा पहिलाच आकडा मागतो, म्हणून संस्था तो देते, आणि हळूहळू तोच आकडा म्हणजे काम, अशी सगळ्यांची समजूत होऊन बसते.

अनुभवी कार्यकर्ता यावर म्हणेल, 'कागदाची गरज काय? मला माझी माणसे माहीत आहेत. कोण सुधारतो आहे ते चेहऱ्यावरून कळते, आणि ती माणसे स्वतःही सांगतात.' हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत सन्मान्य आक्षेप आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिले आहे, आणि समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते पचवायला हवे. रिचर्ड कॅबट या बोस्टनच्या डॉक्टरांनी १९३१ साली समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेत आग्रह धरला होता की आपल्या कामाचे परिणाम कसे का होईना पण तपासा. पुढे त्यांनीच केंब्रिज आणि सोमरव्हिल या गावांतल्या गरीब वस्त्यांमधील मुलांसाठी एक मोठे काम उभे केले. मुलांच्या सारख्या जोड्या लावल्या आणि नाणे उडवून प्रत्येक जोडीतला एक मुलगा मदतीच्या गटात घेतला. १९३९ ते १९४५ या काळात समुपदेशक त्या मुलांच्या घरी जात राहिले. अभ्यासात मदत, दवाखाना, उन्हाळी शिबिरे, आईबापांशी बोलणे, असे जे जे आपण आजही चांगले समाजकार्य म्हणून शिकवतो ते त्यात होते. शेवटी अडीचशेच्या वर जोड्या हिशेबात राहिल्या. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश माणसांनी सांगितले की त्या कार्यक्रमाचा आपल्याला फायदा झाला. कित्येकांना आपल्या समुपदेशकाची प्रेमाने आठवण होती. आणि तरीही एकाहून अधिक गुन्हे, दारूचे व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू अशा एकामागून एक कसोट्यांवर मदत मिळालेला गट न मिळालेल्या गटापेक्षा वाईट निघाला.

या निकालाचे दुःख मोठे आहे, कारण त्यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. प्रेमळ, कष्टाळू माणसांनी वर्षानुवर्षे केलेले काम होते ते. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की नुकसान बरेचसे वारंवार उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटले होते. वांड मुलांना एकत्र ठेवले की ती एकमेकांकडून शिकतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पण हे कळायला नाणे उडवून केलेली विभागणी, जपून ठेवलेल्या नोंदी आणि तीस वर्षांची चिकाटी लागली. चेहऱ्यावरून ते कधीच कळले नसते. सेवार्थ्याची कृतज्ञता खरी असते, तिचा मान ठेवावा. पण ती परिणामाचा पुरावा नसते.

आता उरल्याच्या प्रश्नाच्या अगदी जवळचे उदाहरण घेऊ. ते गोव्यातले आहे. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने दारूचा त्रास असलेल्या पुरुषांसाठी एक छोटी समुपदेशन पद्धत तयार केली. ती राबवणारे कोणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती, आणि भेटी जास्तीत जास्त चार. अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी तिची चाचणी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतली आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली. ३७७ पुरुष होते. निम्म्यांना डॉक्टरांची नेहमीची, थोडी सुधारलेली सेवा आणि निम्म्यांना त्याखेरीज हे समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते. एखाद्या संस्थेने एवढाच आकडा छापला असता तर वाचणाऱ्याला वाटले असते, शंभरातले ३६ वाचवले. पण ज्यांना समुपदेशन मिळाले नव्हते त्यांच्यातलेही २६ टक्के त्या रेषेखाली आलेच होते. श्रेय घ्यायचे ते मधल्या दहाचे. हे दहा थोडे नाहीत. चार भेटींत, साध्या माणसांकडून, सरकारी दवाखान्यात मिळालेले ते यश आहे. शिवाय वर्षाने हे अंतर वाढले: एका बाजूला ५४ टक्के, दुसऱ्या बाजूला ३२. पण दहा आणि छत्तीस यांतला फरक ज्याला दिसत नाही, तो आपल्या कामाविषयी काहीच शिकू शकत नाही.

जे समुपदेशनाशिवायच सुधारतात ते का सुधारतात? कारण माणूस मदतीला येतो तोच सगळ्यांत वाईट आठवड्यात. कामावर हात भाजला, बायको मुले घेऊन माहेरी गेली, मुकादमाने हजेरी बंद केली, अशा वेळी तो केंद्राचा दरवाजा ठोठावतो. खोल दरीतून वर येण्याचा काही भाग काळच करून देतो. हात बरा होतो, बायको परतते. ज्याने फक्त पहिला दिवस आणि नव्वदावा दिवस पाहिला त्याला ही सगळी चढण आपल्या समुपदेशनाची वाटते. म्हणून सुरुवातीची नोंद एका दिवसाची असून चालत नाही. येण्याच्या आधीचे काही आठवडे कसे गेले होते, तेही लिहिले पाहिजे. दारू पिणाऱ्याला 'आधी महिनाभर तुझी नोंद ठेवतो, मग मदत करतो' असे सांगता येत नाही हे खरे. पण मागचा काळ आठवून भरता येतो. लिंडा आणि मार्क सोबेल या मानसशास्त्रज्ञांनी यासाठी एक साधी रीत घालून दिली आहे: कॅलेंडर समोर ठेवायचे आणि ठळक दिवसांच्या आधाराने मागे मागे जायचे. उरल्यात हे ठळक दिवस पगाराचे, हरेली-पोऱ्यासारख्या सणांचे असतील. तीजाला बायको माहेरी होती ते दिवस असतील. रात्रपाळी लागली तो आठवडा असेल. 'महिन्यात किती वेळा पितोस?' या प्रश्नाला माणूस तोंडाला येईल ते सांगतो. 'तीजाच्या आदल्या रात्री काय झाले?' याला तो खरे उत्तर देतो.

मापे परगावाहून आणून जशीच्या तशी लावता येत नाहीत, हेही इथे जवळून पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी जगभर वापरतात. गुण शून्य ते चाळीस, आठ किंवा त्याहून अधिक म्हणजे धोका. तिच्यातला एक प्रश्न असा की एका बैठकीत सहा किंवा अधिक पेये किती वेळा होतात. उरल्याच्या वस्तीत कोणी पेये मोजत नाही, पव्वा मोजतात. आता हिशेब करा. ४२.८ टक्के मद्यार्क असलेल्या १८० मिलिलिटरच्या पव्व्यात सुमारे साठ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि त्या चाचणीतले एक पेय म्हणजे दहा ग्रॅम. म्हणजे 'मी फार नाही, एकच पव्वा घेतो' असे सांगणारा माणूस एका बैठकीत सहा पेये पूर्ण करतो. कार्यकर्त्याने 'एक' असे लिहून घेतले तर सगळी चाचणी फसली. घरी गाळलेल्या महुआच्या दारूची ताकद तर दर भट्टीला निराळी. तिथे प्रमाणाचा नाद सोडून न प्यायलेले दिवस आणि दारूवर गेलेले पैसे एवढेच विचारणे शहाणपणाचे. दुसरी अडचण काळाची. ही चाचणी मागच्या वर्षाविषयी विचारते, कारण ती धोका ओळखण्यासाठी बनवली आहे. तीच दर तीन महिन्यांनी तशीच घेतली तर सुधारलेल्या माणसाचे गुणही जुन्या अपघातामुळे चढेच दिसतात. प्रगती पाहायची तर प्रश्नांचा काळ आखूड करून घ्यावा लागतो.

तिसरी अडचण पगाराची. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत हातात पडतो. एखाद्या कामगाराची पहिली भेट पंधरा तारखेला झाली आणि दुसरी महिन्याच्या पहिल्या तारखेला, तर पहिल्या वेळी मागच्या चौदा दिवसांत पगाराचा दिवस होता, दुसऱ्या वेळी नव्हता. दुसऱ्या नोंदीत दारू कमी दिसेल, आणि ती खिसा रिकामा असल्यामुळे कमी असेल. उपाय सोपा आहे: सगळ्या नोंदी पगारापासून सारख्याच अंतरावर घ्यायच्या. असले बारकावे मला मूल्यमापनाच्या मोठमोठ्या सिद्धांतांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. ते वस्तीत वावरणाऱ्यालाच सुचतात, आणि म्हणूनच मोजणीची आखणी दिल्ली-मुंबईहून आलेल्या सल्लागारावर सोपवू नये.

पण मोजायचे काय? दारू कमी झाली की काम झाले, असे गृहीत धरणे सोपे आहे. गोव्याच्या त्याच चाचणीने या गृहीतकालाही धक्का दिला. समुपदेशनाने न पिणाऱ्यांचे प्रमाण वाढले, धोक्याची पातळी उतरली. मात्र तीन महिन्यांच्या तपासणीत जोडीदारावरची हिंसा, कामावर न जाता आलेले दिवस, दारूमुळे होणारे इतर त्रास यांत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. संशोधकांनी हे लपवले नाही, हे त्यांचे मोठेपण. उरल्यातल्या कार्यकर्त्याने यातून घ्यायचे ते असे, की नवऱ्याची बाटली आणि बायकोची मारहाण ही दोन स्वतंत्र मापे आहेत. पहिले उतरले म्हणून दुसरे आपोआप उतरत नाही. ज्या बाईने नवऱ्याला हाताला धरून केंद्रात आणले, तिच्या दृष्टीने दुसरेच माप खरे असते. तेव्हा प्रगती कशाला म्हणायची हे ठरवताना ती तिथे हवी, आणि तिला काय वाटते ते तिच्याकडून, नवरा समोर नसताना, विचारले गेले पाहिजे.

इथे कामी येते ती किरेसुक आणि शेरमन यांनी १९६८ साली मांडलेली पद्धत. सेवार्थ्याबरोबर बसून दोन-तीन उद्दिष्टे ठरवायची आणि प्रत्येकाच्या पाच पायऱ्या सुरुवातीलाच लिहून ठेवायच्या: अपेक्षेइतके झाले तर काय दिसेल, त्याहून थोडे बरे, बरेच बरे, थोडे कमी, बरेच कमी. समजा, रोलिंग मिलमधला एक कामगार आणि त्याची बायको यांनी ठरवले की पगारातले पैसे घरी येणे हे उद्दिष्ट. तीन महिन्यांनी निम्म्याहून अधिक पगार बायकोच्या हातात पडला तर अपेक्षा पूर्ण, म्हणजे शून्य. दुकानाची जुनी उधारीही फिटली तर अधिक एक, वर काही शिल्लक पडली तर अधिक दोन. किराण्यापुरतेच पैसे आले तर उणे एक, काहीच आले नाही किंवा घरातले भांडे विकले गेले तर उणे दोन. या मोजपट्टीवर तज्ज्ञाची सही लागत नाही. तीन महिन्यांनी कोणी कोणाला फसवू शकत नाही, कारण पायऱ्या आधीच दोघांच्या शब्दांत लिहिलेल्या असतात. तिचा दोष एवढाच की दोन कुटुंबांची तुलना तिच्यावरून करता येत नाही. कोणी सोपे उद्दिष्ट घेतो, कोणी अवघड. म्हणून एक सर्वांसाठी समान चाचणी आणि एक ज्याची त्याची मोजपट्टी, अशी जोडी ठेवावी. याहून अधिक रकाने नकोत. वीस पानांचा फॉर्म भरून घेणारी संस्था माणसाचे ऐकायचे विसरते.

माणूस आकड्यांत मावत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. गमावलेला मान परत मिळणे, मुलाने बापाजवळ येऊन बसणे, याला गुण देता येत नाहीत. पण त्यावरून मोजूच नये असे निघत नाही. जे मावत नाही तेही शब्दांत लिहून ठेवावे, एवढेच निघते. तापमापकाने ताप कळतो, दुःख कळत नाही, तरी कोणी डॉक्टर तापमापक फेकून देत नाही. शिवाय आकड्यांना नकार देणाऱ्यांच्या मनातही आकडा असतोच. 'आमच्याकडे बहुतेक जण सुधारतात' यातला 'बहुतेक' हा आकडाच आहे, फक्त तो तपासता येत नाही.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. बारा तास भट्टीसमोर उभा राहणारा, उद्या काम असेल की नाही हे ठाऊक नसलेला ठेका मजूर पितो, तेव्हा त्याचे गुण मोजणे म्हणजे दोष त्याच्यावर ढकलणे नाही का? छत्तीसगडमध्ये हा प्रश्न कोणी टाळू शकत नाही. दल्ली-राजहराच्या खाणमजुरांना संघटित करणाऱ्या शंकर गुहा नियोगींनी दारूविरोधी मोहीम मजुरीच्या लढ्याबरोबरच चालवली, आणि त्या मजुरांच्या संघटनेने १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभे केले. पुढे भिलाई, कुम्हारी, टेडेसरा आणि उरला या पट्ट्यातल्या ठेका मजुरांचे आंदोलन ऐन भरात असताना, २८ सप्टेंबर १९९१ रोजी, भिलाईत त्यांची हत्या झाली. दारू आणि कामाची परिस्थिती ही एकाच गाठीची दोन टोके आहेत, हे इथल्या मजुरांनी आपल्या चळवळीतून दाखवून दिले आहे. माझे म्हणणे असे की मोजणी नीट केली तर ती याच बाजूने बोलते. प्रत्येक सेवार्थ्याच्या नोंदीत दारूच्या दिवसांशेजारी पाळी कोणती होती, किती तास होती, अपघात झाला का, ठेका सुटला का, हे लिहिलेले असले, आणि चाळीस नोंदी एकत्र मांडल्या, तर घसरण कोणत्या आठवड्यांत होते ते दिसेल. ती लांब पाळ्यांच्या आठवड्यांत होत असेल, तर समुपदेशनाची मर्यादा आणि पुढच्या मागणीचा आधार दोन्ही एकाच कागदावर मिळतात. नोंद नसेल तर ठेकेदार म्हणतो 'यांना सवयच आहे', आणि त्याला उत्तर देता येत नाही.

बाहेरची कारणे उलट दिशेनेही काम करतात. मार्च २०२४ पासून छत्तीसगड सरकारच्या महतारी वंदन योजनेचे दरमहा एक हजार रुपये विवाहित बायकांच्या खात्यात जमा होतात. त्याच महिन्यात एखाद्या केंद्राचे काम सुरू झाले असेल, तर सहा महिन्यांनी 'घरात पैसा टिकतो का?' या प्रश्नाला बायका 'हो' म्हणतील, आणि केंद्र ते श्रेय आपल्याकडे घेईल. म्हणून प्रश्न घरात पैसा टिकतो का असा नको, नवऱ्याच्या पगारातले किती आले असा हवा. शक्य असेल तिथे ज्यांना अजून मदत मिळालेली नाही अशा कुटुंबांचीही तीच नोंद घ्यावी.

यावर लगेच कोणी विचारेल, काही लोकांना मदत न देता नुसते मोजत राहणे क्रूर नाही का? मदत सगळ्यांना पुरेल इतकी असती तर ते क्रूर ठरले असते. उरल्यात ती कधीच पुरत नाही, प्रतीक्षायादी असतेच. यादीतल्यांची आज नोंद घेऊन तीन महिन्यांनी त्यांना आत घेणे यात कोणाचे काही हिरावले जात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग ३९ गावांत केला, तेव्हा शेजारच्या ४७ गावांतल्या जन्ममृत्यूंचीही तेवढ्याच काळजीने नोंद ठेवली. त्या गावांना सरकारी सेवा मिळतच होत्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी उतरला होता. ती ४७ गावे नसती तर कोणीही म्हणाले असते की काळच बदलला, मृत्यू कमी होणारच होते. त्या तुलनेच्या जोरावर ही पद्धत पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमात गेली आणि गडचिरोलीबाहेरच्या असंख्य बाळांपर्यंत पोहोचली. पुरावा होता म्हणून ती एका जिल्ह्यात अडकून राहिली नाही.

मापाचा गैरवापर होतो, हाही इशारा खरा आहे. डोनल्ड कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिले की एखाद्या आकड्यावर बक्षीस किंवा शिक्षा ठरू लागली, की तो आकडा बिघडू लागतो. 'नव्वद टक्के यश' दाखवल्याशिवाय अनुदान नाही असे ठरले, तर केंद्र अवघड माणसांना दारातूनच परत पाठवील. आकडा बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. त्या काळात बंदी फसल्याचा पुरावा म्हणून वाढलेल्या गुन्ह्यांकडे बोट दाखवले गेले. पण बंदी आली की बाटली बाळगणेच गुन्हा ठरतो. त्या कलमांखालचे गुन्हे वाढणारच. बंदी योग्य होती की नव्हती यावर मतभेद असू द्या. पण ज्या आकड्याची व्याख्याच मधल्या काळात बदलली, तो आधी आणि नंतरच्या तुलनेला चालत नाही.

सगळ्यांत सर्रास होणारी फसवणूक मात्र हरवलेल्या माणसांची आहे, आणि ती बहुधा नकळत होते. समजा, केंद्राने चाळीस जणांपासून सुरुवात केली. वर्षाने बावीस सापडले, त्यातले सोळा जण पीत नव्हते. अहवालात लिहिले जाते ७३ टक्के यश, कारण बाविसांतले सोळा. चाळिसांतले सोळा धरले तर ४० टक्के. उरल्यात खोल्या बदलतात, ठेका संपला की माणूस गावी जातो; पण जो पुन्हा प्यायला लागला तो केंद्राला चुकवूनही जातो. न सापडलेल्यांना सापडलेल्यांसारखे मानणे म्हणजे स्वतःला आवडेल तो हिशेब करणे. म्हणून पहिल्याच दिवशी गावचा पत्ता, भावाचा किंवा शेजाऱ्याचा फोन परवानगीने लिहून घ्यावा, आणि शोधायला जाण्याचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरावा. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने उपचारानंतरच्या पाठपुराव्याला कामाचाच भाग मानले, गावोगावी त्यासाठी बैठका घेतल्या. केंद्रातून बाहेर पडण्याचा दिवस हा निकालाचा दिवस नसतो, हे या क्षेत्रातल्या जुन्या कार्यकर्त्यांना पक्के ठाऊक आहे. अंदाजपत्रक करणाऱ्यांना ते अजून पटलेले नाही.

या नोंदवह्या कोणाच्या हाती पडतात यावर सगळ्याची सचोटी अवलंबून आहे. 'हा पितो' एवढी चिठ्ठी मुकादमापर्यंत गेली तर कामगाराची हजेरी जाऊ शकते. नाव एका वहीत, क्रमांक दुसऱ्या वहीत, आणि नावाची वही कुलपात, ही किमान शिस्त. कारखान्याच्या सामाजिक जबाबदारी निधीतून काम चालत असेल, तर एकाही व्यक्तीची माहिती कारखान्याला मिळणार नाही हे करारात लिहून घेतल्याशिवाय पहिला प्रश्नही विचारू नये. आणि सेवार्थ्याला त्याची स्वतःची नोंद केव्हाही पाहता यावी. तीन महिन्यांच्या कॅलेंडरवर आपले कोरडे दिवस एका रांगेत पाहिलेल्या माणसाला त्यातून जे बळ मिळते, ते कोणत्याही व्याख्यानातून मिळत नाही.

रायपुरात, नागपुरात, पुण्यात अशा कामांना देणगी देणारे मराठी वाचक पुष्कळ आहेत. संस्थेचा वार्षिक अहवाल हातात आला की फोटोंच्या आधी तीन गोष्टी विचारा: किती जणांपासून सुरुवात झाली, वर्षाने त्यातले किती सापडले, आणि जे सापडले नाहीत त्यांना शोधायला कोण गेले होते. उत्तर प्रामाणिक असेल तर आकडा लहान असला तरी देणगी द्या, आणि तिच्यातला काही भाग शोधायला जाणाऱ्याच्या प्रवासखर्चासाठी म्हणून राखून द्या.